पाहुणा होऊन काढलेली रात्र

आत्याचं दोन खोल्यांचं घर वर्षभर बंद होतं. ती मुलाकडे राहायला गेली तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाली होती, "बंद ठेवलंस तर घराला वाळवी लागेल गं. चार माणसं येऊ-जाऊ देत." सुट्टीवर येणाऱ्यांना दोन-चार दिवसांसाठी घर भाड्याने द्यायचं, हा विचार तिथून सुरू झाला. इमारतीच्या नियमांत ते बसतं का, हे आधी लेखी विचारून घेतलं. हाताशी होती साठवलेली थोडी रक्कम. ती संपली की काम थांबवायचं आणि कर्ज काढायचं नाही, एवढं पक्कं होतं.

मोबाईलमध्ये सुंदर खोल्यांचे फोटो जमवायला मी लगेच सुरुवात केली. उशांचे रंगीत अभ्रे, वेताची टोपली, भिंतीवर लावायचा गोल आरसा, अशी यादी वाढत चालली होती. एक दिवस ती यादी धाकट्या बहिणीला दाखवली. तिने शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "ताई, तू त्या घरात रात्री कधी झोपली आहेस का?"

नव्हते झोपले. लहानपणी जायचो ते दिवसा, संध्याकाळपर्यंत परत. मग एका शनिवारी दोन दिवसांचे कपडे बॅगेत भरले, एक वही घेतली आणि परक्या गावाहून आलेल्या पाहुण्यासारखी रात्री साडेनऊला त्या दारात जाऊन उभी राहिले.

पहिली नोंद दारातच झाली. जिन्यातला दिवा आमच्या दारापर्यंत पोचत नव्हता, कुलपाचं भोक शोधायला मोबाईलचा उजेड धरावा लागला. आत आले तर बटणांचा बोर्ड दाराच्या मागे. ज्याला माहीत नाही तो अंधारात उलट्या बाजूची भिंत चाचपत राहणार. बॅग कुठे ठेवू म्हणून बघितलं तर जागाच नाही, शेवटी ती पलंगावर ठेवली. प्रवासातून आलेली, चाकांना धूळ लागलेली बॅग, आणि मी ती स्वच्छ चादरीवर ठेवली होती. अंघोळीला गेले तर ओला टॉवेल, कोरडे कपडे आणि अंगातले कपडे या सगळ्यांसाठी मिळून एकच खिळा. झोपायला आडवी झाले, वाचावंसं वाटलं, तर दिवा छताच्या मध्यभागी आणि बटण दाराजवळ. मोबाईल चार्जिंगला लावायचा तर प्लग कपाटाच्या मागे. साडेअकराला रस्त्यावरचा दिवा पडद्याच्या फटीतून थेट डोळ्यांवर यायला लागला. पहाटे गादीच्या मधल्या खळग्यात घरंगळून कंबर आखडली, तेव्हा उठून बसले आणि वहीत एकेक गोष्ट लिहीत गेले.

सकाळी मोजल्या तर 31 नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या ज्यांना सजावट म्हणता येईल अशा फक्त पाच. बाकीच्या होत्या खुंट्या, बटणं, प्लग, गादी, फटी, करकरणारी बिजागरी. गोल आरसा आणि वेताची टोपली मी त्याच सकाळी यादीतून काढून टाकली. पुढचे दोन महिने मी जे काही केलं ते या वहीतून केलं, आणि असं घर तयार करायला निघालेल्या कुणालाही मी सगळ्यात आधी हेच सांगते की काहीही विकत घेण्याआधी तिथे एक रात्र काढा, आणि ती मालकासारखी काढू नका.

पैशांची वाटणी वहीनेच करून दिली. पाहुण्याच्या अंगाला जे लागतं, त्यावर निम्मी रक्कम: गादी, उशा, चादरी, टॉवेल. उरलेल्या निम्म्यात रंग, दिवे, पडदे, खुंट्या आणि बाकी सगळं. हा काही नियम नाही. आत्याची गादी चांगली असती तर हिशोब बदलला असता. पण खोली कितीही देखणी असली तरी ज्याची कंबर रात्रभर दुखली तो त्या खोलीचं कौतुक करणार नाही, हे मला स्वतःच्या कंबरेने सांगितलं होतं. गादी मध्यम घट्ट घेतली, कारण कोण येणार ते माहीत नसताना फार मऊ किंवा फार कडक गादी घेण्यात धोका असतो. तिच्यावर चेन लावून सगळीकडून बंद होणारं, पाणी आत न जाऊ देणारं कव्हर घातलं. उशा दोन प्रकारच्या ठेवल्या, प्रत्येकाला एक पातळ आणि एक जाड. या उशांबद्दल लोक अजून आवर्जून बोलतात.

विकत घेण्याच्या आधी मात्र काढून टाकण्याचं काम होतं, आणि ते सगळ्यात जड गेलं. आत्याच्या घरात तीन टेबलं, दोन शोकेस, काचेच्या मूर्ती, मोडकं शिलाई मशीन, कुणाकुणाच्या लग्नात मिळालेल्या भिंतघड्याळांची रांग. प्रत्येक वस्तूमागे एक माणूस होता. मी तिला फोन करायचे, वस्तू सांगायचे आणि गप्प राहायचे. कधी ती म्हणायची, "देऊन टाक." कधी नुसतीच "हं" म्हणायची. त्या "हं"वाल्या वस्तू मी वेगळ्या खोक्यांत भरून माझ्या घरी आणल्या. एकदा ती म्हणाली, "अगं, माझं घर तू हॉटेल करतेस होय?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला रिकाम्या झालेल्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकीतलं ऊन पार समोरच्या भिंतीपर्यंत गेलेलं दिसत होतं, आधी ते शोकेसला अडायचं. तिने लिहिलं, "एवढं ऊन येत होतं होय आपल्याकडे?"

एक पैसाही न घालता खोली दीडपट मोठी वाटू लागली. नंतर विकत आणलेल्या कुठल्याच वस्तूने इतका फरक केला नाही.

मग घासपूस. तीन दिवस फक्त तेच. टाइल्सच्या सांध्यांतली काळी रेघ खाण्याचा सोडा, थोडं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश यांनी बरीच निघाली. बेसिनभोवतीचं काळं पडलेलं सिलिकॉन मात्र निघेना. ते पात्याने खरवडून काढलं, जागा पूर्ण वाळू दिली, नवीन सिलिकॉन भरलं आणि 24 तास नळ सोडला नाही. एक गोष्ट काळजीने सांगते: ब्लीच वापरत असाल तर त्याच वेळी, त्याच जागी व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनियाचं कुठलंही क्लीनर वापरू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बाथरूमसारख्या बंद जागेत तो फार लवकर साठतो.

आता कपाट. या एका कपाटाने मला जितकं शिकवलं तितकं बाकी सगळ्या घराने मिळून शिकवलं नसेल, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

सहा फूट उंचीचं, गडद तपकिरी सनमायका लावलेलं दोन दारांचं कपाट. आतून भक्कम, कुठे वाळवी नाही, खण सरळ. पण खोलीत शिरलं की नजर त्याच्यावरच आदळायची. नवीन घ्यायचे पैसे नव्हते, आणि इतकं दणकट नवीन मिळालंही नसतं. तेव्हा रंगवायचं ठरलं. मला सगळ्यांनी सांगितलं की सनमायकावर रंग टिकत नाही. ते अर्धं खरं आहे. गुळगुळीत पृष्ठभागाला रंग धरायला काही नसतं, म्हणून धरेल असं काहीतरी आधी द्यावं लागतं.

दारं उतरवली. प्रत्येक दाराच्या आणि बिजागरीच्या मागे चिकटपट्टी लावून नंबर घातला, नाहीतर परत बसवताना घोळ होतो. सगळं कपाट साबणाच्या पाण्याने दोनदा पुसलं. वर्षानुवर्षं हात लागून मुठीजवळ जो तेलकट थर बसलेला असतो तो दिसत नाही, पण रंग नेमका तिथूनच सुटतो. मग 180 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन चकाकी जाईपर्यंत घासलं. सनमायका फाडायचा नाही, फक्त त्याची चमक मारायची. हात फिरवला की काचेसारखं न लागता खडूसारखं लागलं पाहिजे. धूळ ओल्या फडक्याने टिपली, वाळू दिलं आणि गुळगुळीत पृष्ठभागांसाठी मिळतो तो प्रायमर लावला. साधा भिंतीचा प्रायमर इथे चालत नाही. तो वाळल्यावर एका कोपऱ्यात ब्लेडने बारीक फुल्या मारल्या, वर चिकटपट्टी दाबून लावली आणि झटकन ओढली. पट्टीला काही चिकटून आलं नाही. मग पाण्यात मिसळणाऱ्या एनॅमलचे दोन हात मारले, बारीक फोमच्या रोलरने, आणि दोन हातांच्या मध्ये 220 नंबरचा पेपर हलकेच फिरवला.

रंग निवडला होता राखाडी छटेचा फिका हिरवा. तो दुकानातल्या पट्टीवरून घेतला नव्हता. दोन फूट बाय दोन फुटांच्या तीन पुठ्ठ्यांवर तीन रंग लावून ते पुठ्ठे चार दिवस त्या खोलीत फिरवले होते. जो रंग सकाळी शांत वाटायचा तो रात्री दिव्याखाली मळकट दिसायचा. हा एकच तिन्ही वेळा बरा दिसला.

कपाट अप्रतिम दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी दारं बसवली, बंद केली, वरती चादरींचं खोकं ठेवलं आणि समाधानाने घरी आले. आठवड्याने गेले तर दार उघडेना. जोर लावला तसा चर्र आवाज झाला आणि दाराच्या कडेचा हातभर रंग चौकटीला चिकटून सोलून आला. खोकं उचललं तर त्याच्या तळाच्या नक्षीसकट खूण उमटलेली. मला रडू आलं. दहा दिवसांचं काम होतं ते.

चूक कुठे झाली ते रंगकाम करणाऱ्या एका शेजाऱ्यांनी समजावलं. "ताई, रंग वाळणं वेगळं आणि रंग मुरणं वेगळं." हाताला न लागण्याइतका रंग तासा-दोन तासांत वाळतो, दुसरा हात काही तासांनी मारता येतो. पण आतून पूर्ण कडक व्हायला त्याला तीन-चार आठवडेही लागतात. तेवढ्या दिवसांत रंगाला रंग टेकला, वर वजन ठेवलं, की तो चिकटणारच. मग सोललेल्या जागेच्या कडा घासून उतरत्या केल्या, तिथे पुन्हा प्रायमर, पुन्हा दोन हात. या वेळी दारं उघडी टाकून ठेवली, आणि जिथे दार चौकटीला टेकतं तिथे छोटे फेल्टचे ठिपके लावले. तीन आठवडे त्या कपाटाला हात लावला नाही. त्या तीन आठवड्यांत बाकीची कामं केली, आणि आता कुणी विचारलं तर मी सांगते की फर्निचर रंगवायचं असेल तर ते सगळ्यात पहिलं काम घ्या, म्हणजे त्याला मुरायला वेळ मिळतो.

परत बसवल्यावर ते कपाट मागून भिंतीला लोखंडी पट्टीने पक्कं केलं. लहान मुलं खण उघडून त्यावर चढतात, आणि उंच फर्निचर पुढे कलतं. यात काटकसर करू नये.

गंमत अशी की एवढं करून पाहुणे त्या कपाटाचा वापर फारसा करत नाहीत. दोन रात्रींसाठी आलेला माणूस कपडे बॅगेतून बाहेर काढत नाही, बॅग उघडी ठेवतो आणि त्यातून घेत राहतो. त्याला हवी असते बॅग ठेवायला गुडघ्याएवढ्या उंचीची जागा आणि भरपूर खुंट्या. आत्याच्या तीन टेबलांपैकी एकाचे पाय कापून मी बॅगेसाठी बाक केला. खुंट्या एकूण 14 लावल्या: दाराशी चार, पलंगाजवळ चार, बाथरूमच्या आत चार, बाहेर दोन. सगळ्यात स्वस्त वस्तू तीच होती, आणि तिने घरातला पसारा निम्म्यावर आणला.

दिव्यांचा खर्चही फार नाही, पण तिथे डोळे उघडे ठेवून खरेदी करावी लागते. आत्याच्या घरात बाहेरच्या खोलीत निळसर ट्यूब, आतल्या खोलीत पिवळा बल्ब आणि स्वयंपाकघरात आणखी तिसराच पांढरा. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की वेगळ्याच घरात आल्यासारखं वाटायचं. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा लिहिलेला असतो, तो वाचायला मी तेव्हा शिकले. 2700 ते 3000 म्हणजे उबदार पिवळसर, 4000 म्हणजे मधला पांढरा, 6500 म्हणजे निळसर. झोपायच्या आणि बसायच्या खोलीत सगळे 2700 चे लावले. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि बाथरूमच्या आरशापाशी 4000, कारण तिथे नीट दिसायला हवं. वॉटवर जाऊ नका, ल्युमेन बघा. जुना 60 वॉटचा बल्ब जेवढा उजेड द्यायचा तेवढा आता साधारण 800 ल्युमेनच्या एलईडीत मिळतो. आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा, दिलेला असेल तर 90 च्या वरचा घ्या. तो फार कमी असला की माणसांचे चेहरे आणि लाकडाचा रंग फिकुटलेले दिसतात. छताचा एकच दिवा ठेवून त्याच्या जोडीला खाली तीन छोटे दिवे ठेवले, दोन पलंगाच्या दोन्ही बाजूंना आणि एक बसायच्या कोपऱ्यात. वायरमनकडून पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्लग काढून घेतले. तिथे मी स्वतः हात घातला नाही आणि तुम्हीही घालू नका.

पडद्यांचं सगळं श्रेय बहिणीचं. तयार पडद्यांची किंमत ऐकून आम्ही परत फिरलो होतो. तिने ठोक दुकानातून साधं मळखाऊ रंगाचं सुती कापड आणलं आणि पहिलं काम केलं ते म्हणजे सगळं कापड धुऊन वाळवलं. मी म्हटलं, "अगं, नवीन कापड कशाला धुतेस?" ती म्हणाली, "आत्ता आटू दे, शिवल्यावर आटलं तर रडशील." टेपने मोजलं तर पाच मीटरमागे 20 सेंटिमीटर कमी झालं होतं. शिवून धुतलं असतं तर पडदे जमिनीपासून वर लोंबकळत राहिले असते. दांडा तिने खिडकीच्या चौकटीवर न लावता तिच्या 20 सेंटिमीटर वर लावायला सांगितला, आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर. पडदे उघडले की काचेवरून पूर्ण बाजूला जातात, खिडकी मोठी दिसते, आणि बंद केले की कडेच्या फटीतून उजेड येत नाही. कापडाची रुंदी दांड्याच्या दुप्पट घेतली म्हणून चुण्या भरपूर पडल्या. त्यात काटकसर केली की पडदा बंद केल्यावर ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. मागे गडद रंगाचं दाट अस्तर. रस्त्यावरच्या त्या दिव्याची नोंद मी वहीतून खोडली ती रात्र अजून आठवते. अंथरुणात पडले, आणि समोर गुडूप अंधार.

चादरी आणि टॉवेल पांढरे, सगळे एकाच मापाचे. रंगीत सेट घेतला की एक चादर खराब झाली तरी पूर्ण सेट बाद होतो, पांढऱ्यात एक बदलली तरी कळत नाही, आणि डाग पडला तर बिनधास्त उकळता किंवा ब्लीच करता येते. फक्त रक्ताचा डाग असेल तर आधी थंड पाणीच, गरम पाण्याने तो पक्का बसतो. मुरुमांच्या काही मलमांत बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, त्याने रंगीत टॉवेलवर कायमचे फिके डाग पडतात, हे पांढऱ्याच्या बाजूने आणखी एक कारण. चेहऱ्याचा मेकअप पुसायला मात्र दोन काळे छोटे टॉवेल वेगळे ठेवले. ते दिसले की लोक आपणहून तेच वापरतात. चादरीच्या धाग्यांचा आकडा, म्हणजे एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे, 200 ते 300 च्या मध्ये असला की पुरे. 1000 वगैरे लिहिलेलं असतं तिथे बहुतेक वेळा पिळाचे बारीक धागे वेगवेगळे मोजून आकडा फुगवलेला असतो. टॉवेल 500 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचे. त्याहून जाड हातात घ्यायला छान वाटतात, पण वाळता वाळत नाहीत. प्रत्येक पलंगामागे तीन सेट: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात.

भिंती शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. पैसे जवळजवळ संपले होते. बाजारात मिळणारी छापील चित्रं मी दोनदा हातात घेऊन परत ठेवली, ती कुणाच्याही घरात शोभली असती आणि म्हणूनच मला नको होती. मग "हं"वाल्या खोक्यांपैकी एक उघडताना तळाशी जुन्या उशीच्या अभ्र्यांची गुंडाळी सापडली. आत्याने लग्नाआधी केलेलं भरतकाम. कापड विरलेलं, कडा पिवळ्या, पण मधली फुलं शाबूत. निळ्या दोऱ्याची साखळी, मध्येच दोरा संपला म्हणून किंचित वेगळी निळी छटा सुरू झालेली. उलटं करून पाहिलं तर मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ, एकही लोंबती गाठ नाही. विसाव्या वर्षी तिचा हात असा होता. मी सहा चौकोन कापले, कापण्याआधी तिला विचारून, आणि साध्या लाकडी चौकटींत पांढऱ्या कापडावर टाचले. दोरे फिकू नयेत म्हणून थेट ऊन न येणारी भिंत निवडली. पलंगाच्या वर दोन ओळींत तीन-तीन. माप असं: सगळा समूह मिळून पलंगाच्या रुंदीच्या दोन तृतीयांश, आणि खालची कडा पलंगाच्या डोक्यापासून 20 सेंटिमीटर वर. नुसत्या भिंतीवर एकटं चित्र लावायचं असेल तर त्याचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर येऊ द्या. बहुतेक लोक चित्रं फार उंच लावतात आणि ती छताकडे पळाल्यासारखी दिसतात. खिळे मारण्याआधी कागदाचे सहा चौकोन कापून भिंतीवर चिकटवले, दोन दिवस तसेच ठेवले, मग खिळे मारले.

ज्या एका खरेदीची हळहळ वाटते ती म्हणजे फिकट दुधी रंगाचा गालिचा. फोटोत सुंदर दिसायचा. पहिल्याच महिन्यात त्याच्यावर असा डाग पडला की काढता आला नाही, आणि त्या पाहुण्यांना किती अपराधी वाटलं ते त्यांच्या निरोपातून कळलं. सुट्टीवर आलेल्या माणसाला आपल्या वस्तूमुळे असं वाटावं, हे मला फार लागलं. आता तिथे गडद, बारीक नक्षीचा, धुता येणारा गालिचा आहे, खाली घसरू नये म्हणून रबराची जाळी.

फोटो मीच काढले, मोबाईलवर. सकाळी दहाच्या सुमाराला, सगळे दिवे बंद आणि पडदे उघडे, म्हणजे दोन रंगांचे उजेड एकमेकांत मिसळत नाहीत. मोबाईल छातीच्या उंचीवर आणि अगदी सरळ धरला, वर-खाली झुकवला की भिंती तिरक्या दिसतात. लांबरुंद दाखवणारी वाइड लेन्स वापरली नाही. लोक आत आल्यावर खोली फोटोपेक्षा लहान निघाली तर आपण त्यांना दारातच फसवलेलं असतं.

पहिलं कुटुंब तीन रात्री राहिलं. गेल्यावर मी धावत गेले. खुंट्यांवर विसरलेली एक टोपी, बाकावर बॅगेच्या चाकांच्या खुणा, वाचायच्या दिव्याची मान खाली वळवलेली. म्हणजे कुणीतरी रात्री वाचत पडलं होतं. मी ती मान तशीच ठेवून बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहिले.

दिवाळी-दसऱ्याची वाट न पाहता आत्याच एके दिवशी म्हणाली, "मलाही येऊ दे एकदा पाहुणी म्हणून." दोन बुकिंगच्या मधली एक रात्र रिकामी होती. तिला दारापर्यंत सोडलं, किल्ली दिली आणि मुद्दाम निघून आले. पलंगाजवळच्या टेबलावर ती वही ठेवली होती, 31 पैकी 31 नोंदी खोडलेली. सकाळी गेले तेव्हा ती भरतकामाखाली बसली होती. म्हणाली, "चौथ्या फुलात टाका चुकलाय, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं." मग वही माझ्या पुढे केली. तिच्या गोल अक्षरात खाली 32 वी नोंद होती: बाथरूममध्ये धरायला काही नाही, म्हातारं माणूस घसरेल.

भिंतीला पक्की बसणारी स्टीलची दांडी त्याच आठवड्यात लावून घेतली. तिची उंची आत्याला उभं करून, तिचा हात जिथे आपसूक गेला तिथे पेन्सिलने खूण करून ठरवली.